घड्याळ तिथेच राहू द्या, जिन्यातला टायमर सरकवा

अण्णा, म्हणजे माझे सासरे, तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या इमारतीच्या जिन्यात पडले. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होते, नेहमीप्रमाणे फिरायला. शेवटची पायरी आहे असं समजून त्यांनी पाय टाकला आणि तिथे अजून एक पायरी होती. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

जिन्यात दिवा नव्हता असं नाही. चांगला बारा वॉटचा एलईडी होता, पण तो लागायचा सात वाजता. जूनमध्ये कुणीतरी टायमर सातला लावला होता, आणि जूनमध्ये ते बरोबरही होतं. नंतर त्या टायमरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सदस्य म्हणाले, "एवढ्या लवकर अंधार पडतो हे कोणाच्या लक्षात येणार?" मी म्हटलं, "भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचा सूर्यास्त छापलेला असतो. आपण त्यात फक्त चतुर्थी आणि दूधवाल्याचे खाडे बघतो."

तेव्हापासून दरवर्षी गणपती गेले की मी घर सरकवायला घेते. फर्निचर नव्हे, वेळा. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, शाळकरी मूल आहे किंवा अमेरिकेच्या घड्याळावर चालणारा मुलगा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या घरात यातले दोन नमुने आहेत. शाळकरी मूल शेजारच्यांचं, पण राहतं आमच्याचकडे.

आधी आपल्या खिडकीचा सूर्यास्त शोधा

मुंबईचा सूर्यास्त ऑगस्टच्या सुरुवातीला साधारण सव्वासातला असतो. एक सप्टेंबरला सात वाजायला सात मिनिटं कमी. एक ऑक्टोबरला साडेसहाच्या अलीकडे, आणि ऑक्टोबर संपताना सहा वाजून पाच-सहा मिनिटं. म्हणजे तीन महिन्यांत सव्वा तास जवळजवळ गेला, आणि तो गेला रोज अर्धा-पाऊण मिनिट असा. पगारातून कापल्यासारखा एकदम गेला असता तर लगेच बोंब झाली असती. असा थेंब थेंब जातो म्हणून कळत नाही, आणि दिवाळीच्या आसपास एक दिवस आपण ऑफिसातून बाहेर येतो आणि म्हणतो, अरेच्चा, रात्र झाली!

पण कॅलेंडरातला सूर्यास्त हा सपाट क्षितिजावरचा. तो गिरगाव चौपाटीवर उभं राहणाऱ्यासाठी ठीक. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. आमच्या मावळतीला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि आता त्यांच्या अलीकडे बावीस मजली टॉवर. गंमत म्हणजे हा टॉवर उन्हाळ्यात आम्हाला अजिबात नडत नाही. जूनमध्ये सूर्य खऱ्या पश्चिमेच्या पंचवीस अंश उत्तरेला मावळतो, म्हणजे आमच्या खिडकीतून बघितलं तर समोरच्या पाण्याच्या टाकीच्याही उजवीकडे. डिसेंबरात तो पंचवीस अंश दक्षिणेला गेलेला असतो. जाता जाता ऑक्टोबर-नोव्हेंबरात बरोबर टॉवरच्या मागून जातो. त्यामुळे घर घेताना मे महिन्यात बघून "भरपूर उजेड आहे" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. घर बघायचं तर नोव्हेंबरात, दुपारी चारनंतर.

आपला खरा सूर्यास्त शोधायची माझी पद्धत सोपी आहे. सुई आणि काळा दोरा. ऑक्टोबरच्या मध्यावर एका रविवारी, दिवा न लावता, ज्या खिडकीशी तुम्ही रोजची कामं करता तिथे बसा आणि दर दहा मिनिटांनी सुईत दोरा ओवून बघा. ज्या वेळी तिसऱ्या प्रयत्नातही जमत नाही, ती वेळ कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहा. चाळिशीचा चष्मा असेल तर लावून. मी बावन्न वर्षांची आहे, माझा निकाल माझ्या डोळ्यांसाठी खरा. अण्णांच्या डोळ्यांसाठी त्यातून आणखी वीस मिनिटं वजा. आमच्या स्वयंपाकघराचा सूर्यास्त नोव्हेंबरात पाच वीसला होतो. कॅलेंडर म्हणतं सहा. हा चाळीस मिनिटांचा फरक ज्याला माहीत नाही, तो जिन्यात पडतो.

आणि आपल्याकडे सूर्य गेल्यावर फार सवलतही मिळत नाही. माझी नणंद लंडनला असते. तिच्याकडे डिसेंबरात चारच्याही आधी सूर्य मावळतो, पण नंतर चाळीसेक मिनिटं आभाळ उजळ असतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ. सूर्य तिरपा सरकत न जाता बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे वीस-बावीस मिनिटांत कातरवेळ संपून मिट्ट.

संक्रांतीची वाट बघू नका

माझी आई म्हणायची, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. मीही तेच धरून चालले होते. मग पहिल्या वर्षी पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी बघितल्या तर वेगळंच निघालं.

मुंबईत सगळ्यात लवकरचा सूर्यास्त बावीस डिसेंबरला नसतो. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो, सहाच्या ठोक्याला, किंवा एखाद मिनिट अलीकडे. दहा नोव्हेंबर ते दहा डिसेंबर असा पूर्ण महिना तो सहाच्या आसपासच घुटमळतो. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, अकरा तासांचा, येतो डिसेंबरच्या एकवीस-बावीसला. पण तोपर्यंत संध्याकाळ सहा-सात मिनिटांनी पुढे गेलेली असते. संक्रांतीला सूर्यास्त सहा वीसच्या आसपास आणि जानेवारी संपताना साडेसहा.

सकाळचं मात्र उलटं. सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातला. म्हणजे तिळगूळ वाटतो त्या दिवसांत संध्याकाळ सुधारलेली असते आणि सकाळ सर्वात वाईट असते.

असं का, हे मला मुलाने समजावलं. सूर्याच्या एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत बरोबर चोवीस तास असतातच असं नाही. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा किंचित लंबगोल, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून वेगात. त्यामुळे डिसेंबरात सूर्याचा दिवस चोवीस तासांहून अर्ध्या मिनिटाने लांब असतो. सूर्य घड्याळाच्या मागे पडत जातो, आणि उगवणं-मावळणं दोन्ही पुढे ढकललं जातं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य डोक्यावर येतो बारा बावीसला, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बारा त्रेपन्नला. तुमच्या गच्चीवर अँटेनाचा एखादा सरळ खांब असेल तर त्याची सर्वांत आखूड सावली मोजून बघा. मी मोजली आहे. वॉचमनला वाटलं मी वेडी झाले.

कामाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच: संध्याकाळची व्यवस्था दिवाळीच्या आधी लावा, आणि सकाळची व्यवस्था, म्हणजे शाळेची व्हॅन, दूध आणणं, फिरणं, नाताळच्या सुट्टीत बदला. दोन्ही एकदम बदलायची गरज नाही.

घरातली कामं

इथे मी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाचं घर वेगळं.

डोळे लागणारी कामं पाचच्या आत: तांदूळ निवडणं, मेथी निवडणं (अंधारात मेथीतली अळी दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगते), उसवलेली शिवण, औषधांच्या डब्या भरणं. अण्णांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा मी आता रविवारी दुपारी भरते. पूर्वी संध्याकाळी भरायचे. पांढरी गोल आणि पिवळट गोल यांत संध्याकाळी फरक कळत नाही. दोरीवरचे कपडे सूर्यास्ताची वाट न बघता साडेचारला आत.

खिडक्या मात्र वेळेवर बंद करा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यावर आणि दिवस मावळायच्या आधीचे दोन तास त्याचे लाडके. जुलैत आम्ही सव्वासहाला जाळ्या ओढतो. त्याच सवयीने नोव्हेंबरात सव्वासहाला ओढल्या तर तोपर्यंत डास येऊन, जेवून, झोपायला गेलेले असतात. सुईच्या वेळेच्या तासभर आधी जाळी, हा आमचा नियम.

सासूबाईंना यातलं काहीच शिकवावं लागलं नाही. त्या दिवा घड्याळ बघून लावतच नाहीत. अंधारून आलं की तुळशीपाशी पणती आणि शुभं करोति. तिन्हीसांजेला केर काढू नये, सुई-दोरा घेऊ नये, नखं कापू नयेत. लहानपणी मी या सगळ्याला हसायचे. आता वाटतं, कंदिलाच्या काळात अंधारात केर काढला तर कुडी केरात जायची, आणि नखाबरोबर बोटही कापलं जायचं. लक्ष्मीचं तेव्हाचं येणं-जाणं मला माहीत नाही, पण सोन्याची कुडी जाणं म्हणजे लक्ष्मी जाणंच की.

अण्णांचं फिरणं

अण्णा वर्षानुवर्षं संध्याकाळी सहाला निघायचे. पडल्यानंतर त्यांना म्हटलं, सकाळी जा. आठवडाभर पहाटे साडेपाचला गेले आणि खोकला घेऊन आले. मुंबईच्या थंडीत पहाटेची हवा चांगली असते हा गैरसमज आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर जात नाही, वाराही नसतो. रात्रभराचा धूर-धूळ तिथेच साचून राहते. सूर्य वर येऊन जमीन तापली की ती हवा हलते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी फिरायला जायचं तर एक तर सकाळी आठनंतर, किंवा दुपारी पावणेपाच ते पावणेसहा. आमच्या डोंगराच्या बाजूला तर अंधार पडल्यावर फिरू नये याला आणखी एक कारण आहे, त्याच्या अंगावर ठिपके असतात. टाकीकडच्या रस्त्याला आम्ही सूर्यास्तानंतर कुणालाच एकटं जाऊ देत नाही.

पण पावणेपाचला अण्णांना न्यायचं कोणी? मी फोर्टात असते. याचं उत्तर अमेरिकेने दिलं, ते पुढे सांगते.

म्हाताऱ्यांची वेळ बदलताना एकदम तासभर बदलू नका. अण्णांना आम्ही एक ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणलं. चहा आधी सरकवायचा, मग फिरणं आपोआप सरकतं. उलट केलं तर भांडण होतं.

जिन्यातला दिवा

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सोसायटीच्या मीटर-खोलीत जाऊन टायमर बघा. आजच बघा. आमचा होता तो जुना, गोल तबकडीचा, कडेने पिना असलेला. एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं. या टायमरला बॅटरी नसते. लाइट गेली की तेवढा वेळ तो थांबतो, आणि आली की तिथूनच पुढे चालू. चार महिन्यांत पावसाळ्यातली लाइट जाणं धरून आमचा टायमर खऱ्या वेळेच्या पस्तीस मिनिटं मागे होता. म्हणजे सातला लागणारा दिवा प्रत्यक्षात लागत होता सात पस्तीसला. मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर थोडी शांतता झाली.

पहिला उपाय फुकटचा. टायमरची तबकडी घड्याळाशी जुळवा आणि एक कागद मीटर-खोलीच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर असं आहे: एक सप्टेंबरपासून साडेसहा, एक ऑक्टोबरपासून सहा, वीस ऑक्टोबरपासून साडेपाच, एक फेब्रुवारीपासून सहा, एक मार्चपासून साडेसहा, पंधरा मेपासून पावणेसात. या वेळा सूर्यास्ताच्या थोड्या अलीकडच्या आहेत, कारण जिन्यात अंधार बाहेरच्या आधी येतो. तुमच्या जिन्याला खिडकी नसेल तर दिवसभर एक दिवा चालू ठेवा आणि हा उतारा सोडून द्या.

दुसरा उपाय म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. पावसाळ्यात हाच खरा, कारण जुलैत चार वाजता आभाळ काळंकुट्ट झालं तर टायमरला ते कळत नाही. कोणताही वायरमन बसवून देतो. फक्त तो कुठे बसवतोय ते स्वतः उभं राहून बघा. आमच्याकडे त्याने सेन्सर दिव्याच्या बरोबर खाली लावला. संध्याकाळी अंधार झाला, दिवा लागला, सेन्सरला वाटलं उजाडलं, दिवा विझला, सेन्सरला वाटलं अंधार, दिवा लागला. रात्रभर जिन्यात गरब्यासारखी रोषणाई. सेन्सरचं तोंड आभाळाकडे हवं, आपल्या दिव्याकडे नाही आणि रस्त्यावरच्या दिव्याकडेही नाही.

खर्चावरून आमच्याकडे वाद झालाच. "रोज तासभर आधी दिवे, बिल कोण भरणार?" मी कागदावर हिशोब मांडला. बारा वॉटचे पाच दिवे, रोज एक तास जास्त, नव्वद दिवस. एकूण पाच पॉइंट चार युनिट. पंचाहत्तर वॉटचा एक पंखा तीन दिवस-रात्र चालू राहिला तर तेवढीच वीज जाते. सोसायटीच्या ऑफिसातला पंखा दर शनिवार-रविवार कुणीतरी चालूच ठेवून जातं, हेही मी त्याच कागदावर लिहिलं. ठराव मंजूर झाला.

ऑफिसात कसं मागायचं

मी साडेनऊ ते साडेपाच करते. सीएसएमटीहून स्लो पकडून भांडुपला उतरेपर्यंत पावणेसात. म्हणजे नोव्हेंबरात मला सूर्य फक्त ऑफिसच्या काचेतून. पहिल्या वर्षी साहेबांना म्हटलं, नऊ ते पाच करू का? नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षी मागण्याची पद्धत बदलली: एक नोव्हेंबर ते एकतीस जानेवारी, फक्त तीन महिने, आणि सकाळच्या अर्ध्या तासात बँकेचा ताळमेळ संपवून साहेबांच्या टेबलावर. त्यांनी लगेच हो म्हटलं. माझ्या मते मागणीला शेवटची तारीख असली की साहेब लोक घाबरत नाहीत.

खरं सांगायचं तर पाचला सुटूनही मी भांडुपला पोचते तेव्हा सहा वाजून गेलेले असतात. सूर्य गेलेला असतो, पण आभाळात उजेड असतो, आणि स्टेशनबाहेर रिक्षाची लाइन, खड्डे, भाजीवाल्याकडची कोथिंबीर हे सगळं दिसतं. गाडीत डाव्या खिडकीशी जागा मिळाली तर घाटकोपरनंतर इमारतींच्या फटीतून लाल आभाळ दिसतं. चौथ्या सीटवर बसलात तर समोरचीची पर्स दिसते.

ज्यांना वेळ बदलून मिळत नाही त्यांनी दुपारचा डबा पंधरा मिनिटांत संपवून उरलेली पंधरा मिनिटं उन्हात घालवावी. आम्ही चौघी हॉर्निमन सर्कलच्या बागेत चक्कर मारतो. शरीराचं आतलं घड्याळ लावण्यासाठी सगळ्यात उपयोगी उजेड मात्र सकाळचा. रात्री झोप लवकर येत नसेल तर सकाळी उठल्यावर आधी खिडकी, मग मोबाइल.

मुलाचं घड्याळ अमेरिकेत

माझा मुलगा घरूनच काम करतो, न्यूयॉर्कच्या लोकांबरोबर. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्यांच्या सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते आणि हिवाळ्यात साडेसातला. युरोपवाले मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे मार्चात दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा असा येतो की लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चारच तास असतं. त्या दिवसांत आमच्या घरी "आज कोण कुणाची वाट बघतंय" असा खेळ चालतो.

ज्यांच्या घरात असा प्राणी आहे त्यांना तीन गोष्टी. मीटिंग कॅलेंडरात टाकताना वेळेचा विभाग म्हणून शहराचं नाव निवडा, न्यूयॉर्क किंवा लंडन. "ईएसटी" निवडलं तर काही ठिकाणी ते वर्षभर हिवाळ्याचीच वेळ धरून बसतं, आणि मार्चनंतर तुम्ही तासभर उशिरा हजर होता. दुसरं, बदलाचे चार रविवार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, कारण पोळ्या कधी करायच्या हे त्यावर ठरतं. तिसरं, नोव्हेंबरनंतर जेवण मीटिंगच्या आधी. साडेसातला सुरू झालेली मीटिंग साडेनऊपर्यंत जाते, आणि दहाला जेवलेला माणूस एकला झोपतो.

पण याच बदलाने अण्णांचा प्रश्न सोडवला. उन्हाळ्यात मुलगा सहापासूनच मीटिंगच्या तयारीत अडकलेला असतो. नोव्हेंबरात अमेरिका तासभर मागे गेली की त्याची संध्याकाळ सातपर्यंत मोकळी. पावणेपाचला आजोबा-नातू निघतात, मैदानाला तीन फेऱ्या मारतात, शेजारचा छोटा तिथे टेनिसबॉल क्रिकेट खेळत असतो त्याला बरोबर घेतात आणि उजेडात परत येतात.

मग आपणही घड्याळ पुढे का करू नये?

हा प्रश्न दर दिवाळीला आमच्या लोकलच्या डब्यात निघतो. एक मैत्रीण म्हणते, आपणही उन्हाळ्यात तासभर पुढे, थंडीत मागे करावं. मी तिला सांगते, अगं, थंडीत मागे केलंस तर पाचलाच अंधार पडेल. तिला वाटतं थंडीत पुढे करतात. बऱ्याच लोकांना तसंच वाटतं.

मुळात हा उद्योग ज्या देशांत दिवस उन्हाळ्यात सोळा तासांचा आणि थंडीत आठ तासांचा होतो, त्यांचा. १९०७ मध्ये विल्यम विलेट नावाच्या इंग्रज बिल्डरने यासाठी पुस्तिका काढली, १९१६ मध्ये जर्मनीने महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी ते अमलात आणलं. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात छोटा अकरा तासांचा. सव्वादोन तासांच्या फरकासाठी कोट्यवधी घड्याळांना हात लावायचा?

शिवाय मुंबईचं घड्याळ आधीच पुढे आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. मुंबई पडते त्र्याहत्तरच्या किंचित अलीकडे. सूर्याला तेवढं अंतर यायला एकोणचाळीस मिनिटं लागतात. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती सुखासुखी घेतली नाही. शहरात "बॉम्बे टाइम" पाळणारे १९५५ पर्यंत होते. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. ते सांगायचे, लग्नपत्रिका आली की आधी विचारायचं, मुहूर्त कुठल्या टाइमाने? म्हणजे आज नोव्हेंबरात सहाला मावळणारा सूर्य जुन्या मुंबईच्या घड्याळात पाच एकवीसला मावळायचा. आपण एकोणचाळीस मिनिटांची बचत बारा महिने खातोय, आणि तरी कुरकुरतोय.

आजोबांनी पुढे केलेलं घड्याळही पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सगळ्या देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं. संध्याकाळी नोव्हेंबरातही सातपर्यंत सूर्य. पण जानेवारीत सूर्योदय सव्वाआठला. पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठून काळोखात चाळीचा जिना उतरायचा, नळावर काळोखात रांग लावायची. "संध्याकाळ दिली आणि सकाळ काढून घेतली," असं ते म्हणायचे. अमेरिकेने १९७४ मध्ये जानेवारीपासून तेच करून बघितलं, बारमाही पुढचं घड्याळ. मुलं अंधारात शाळेला जायला लागली, पालक ओरडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गुंडाळलं. २०२२ मध्ये त्यांच्या सिनेटने पुन्हा तसलंच विधेयक मंजूर केलं, ते पुढे गेलं नाही. तिथल्या झोपेच्या डॉक्टरांची संघटना म्हणते, बदलू नका ते बरोबर, पण ठेवायची तर सूर्याजवळची वेळ ठेवा. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत हा खेळ बंदच केला.

ईशान्येचं गाऱ्हाणं मात्र खरं आहे, ते मी डब्यात नेहमी वेगळं काढते. कोलकात्यातच नोव्हेंबरात पाचच्या आधी सूर्य मावळतो, आसामात त्याच्याही आधी. तिथले चहामळे "बागान टाइम" म्हणून तासभर पुढचं घड्याळ पूर्वीपासून पाळतात. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशाला दोन वेळा असाव्यात असं मांडलं, सरकारने ते स्वीकारलं नाही. दुसरी सूचना अशी की सगळ्या देशाचंच घड्याळ अर्धा तास पुढे करा. तसं केलं तर मुंबईत जानेवारीत उजाडेल पावणेआठला. २०२४ मध्ये राज्य सरकारने लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मोठ्यांच्या शाळा मात्र अजून सातला भरतात. त्या मुलांना आपण पाऊण तास काळोखात बसवायचं का? आसामला त्यांची वेळ द्यावी, आमची सकाळ सोडावी, असं माझं मत आहे. डब्यात दोन विरुद्ध नऊ मतांनी मी हरले आहे.

परत यायचं विसरू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते. नोव्हेंबरात सरकवलेलं घर फेब्रुवारीत परत सरकवायचं असतं. पहिल्या वर्षी मी विसरले. मार्चमध्ये अण्णा पावणेपाचला, भर उन्हात, टोपी न घालता फिरायला गेले आणि चक्कर येऊन बाकावर बसले. आता एकतीस जानेवारीच्या चौकोनात लाल पेनने "उलट" असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी माझं ऑफिस पुन्हा साडेनऊ होतं, चहा दर आठवड्याला पंधरा मिनिटं पुढे जातो, आणि अण्णा चष्मा लावून मीटर-खोलीत जातात. टायमरचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. मनगट अजून थंडीत दुखतं, त्यामुळे पिना डाव्या हाताने ओढतात. गेल्या आठवड्यात सुईची वेळ आली पाच बारा. टॉवरच्या शेजारी दुसऱ्या टॉवरचा पाया खणायला घेतला आहे, तेव्हा वीस ऑक्टोबरच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: पुढच्या वर्षी सव्वापाच.